मधले नऊ नंबर

माझ्या बायकोच्या थोरल्या भावासारखा माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि नाही हे जिल्ह्याचं नशीब. दोन असते तर एकाने दुसऱ्याला घरात घेतलं नसतं. माणूस दिसला की कुणाला त्याचं गाव आठवतं, कुणाला आडनाव. आमच्या दादांना त्याचा नंबर आठवतो. आणि तोसुद्धा सरळ एक, दोन, तीन असा नव्हे. दहा, वीस, तीस. मधले नऊ रिकामे. हे नऊ कुणासाठी राखून ठेवलेत असं विचारलं की दादा चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "जवाईबापू, मधात कोनी आलं त मंग?" गेली बावीस वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे आणि दर वेळी माझं डोकं तितकंच तापतं. बाकावर शेजारी बसले तरी आमच्या दोघांत एका माणसाची जागा सोडून बसतात. तिथे आजवर कुणी आलेलं नाही. एकदा त्यांच्या गावी, आंजीच्या एसटी थांब्यावर एक शेळी येऊन उभी राहिली, तर दादांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मुद्दा सिद्ध झाला.

माझ्या लग्नातच मला सावध व्हायला हवं होतं. लग्न आंजीला होतं, आणि नवरीचा भाऊ म्हणून आमंत्रणाची यादी दादांच्या हाती. घरटी एक ओळ, ओळीला एक नंबर. घरं बासष्ट, शेवटच्या घराचा नंबर अर्थातच सहाशे वीस. आचारी सगळी यादी कशाला वाचतो? त्याने शेवटचा आकडा बघितला, घरटी चार पानं धरली आणि कढई चढवली. पुढे पंधरा दिवस आंजीत आमच्या लग्नाची बुंदी पुरली. बारशाला पुरली, सत्यनारायणाला पुरली, एका तेरवीलाही वाढली गेली असं मी ऐकलं आहे. पण माझा राग बुंदीवर नाही. मांडवात कोण-कोण वेळेवर पोचायलाच हवं याची दादांची आणखी एक यादी होती, ती मी चुकून वाचली. दहा : आई. वीस : पाण्याचा टँकरवाला. तीस : नवरदेव.

"मी टँकरच्या खाली?" मी मुंडावळ्या बाजूला करून विचारलं.

"उन्हाळ्याचं लगन हाय, जवाईबापू," दादा शांतपणे म्हणाले. "पानीच नाई आलं त तुमी येऊन काय करसान?"

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "दादा म्हन्ते ते बरोबरच रायते." लग्नाला तेव्हा दोन तासही झाले नव्हते.

पुढे नशिबाने आम्हाला एकाच छताखाली आणून बसवलं. वर्ध्याच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथेच दादा सर्व्हर सांभाळायला लागले. मी कायम नोकरीतला, ते कंत्राटावर. त्यांच्या कागदावर दर वर्षी नव्याने सही व्हायची. माझ्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ते यंत्र होतं. मुलांचे फॉर्म, निकाल, पुस्तकांची सूची, सगळं त्याच्या पोटात. आणि त्याच्या दारावर दादांनी बसवलेली फायरवॉल. फायरवॉल म्हणजे काय हे मी विचारलेलं नसतानाही दादांनी मला इतक्या वेळा समजावलं आहे की मी झोपेत सांगेन. दारावर एक पहारेकरी, त्याच्या हातात यादी. बाहेरून कुणी आलं की तो यादी वरून वाचायला घेतो. जी ओळ पहिल्यांदा लागू पडेल तिचं ऐकतो आणि पुढची वाचतच नाही. यादी संपली आणि नाव सापडलं नाही, तर दार बंद. झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी या माणसाने लाल कापडी बांधणीची जाड वही घातली होती. कोणती ओळ का लिहिली, कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, कधी खोडली, प्रत्येक नोंद शाईने, तारखेसह, सहीसह. आणि नोंदींचे नंबर अर्थात दहा-दहाच्या उडीने.

मी एकदा विनंती केली की मला नालवाडीच्या माझ्या घरून पुस्तकांची सूची उघडता यावी. ग्रंथपाल मी, सूची माझी. दादांनी तीन आठवडे विचार केला आणि वहीत लिहिलं : "जवाईबापूंचं घर, नालवाडी. पाहू द्या. हात लावू देऊ नका." सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल हे शब्द! मी म्हटलं, तुम्ही स्वतःसाठी घरून काय ठेवलंय ते तरी दाखवा. तर काहीच नव्हतं. स्वतःला त्यांनी बाहेरून येण्याची परवानगीच दिली नव्हती. "मी बाहेर असलो का मी बी बाहेरचाच," ते म्हणाले. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं?

तरी सर्व्हरपर्यंत ठीक होतं. पण मध्यंतरी आंजीत दोन-तीन घरफोड्या झाल्या आणि दादांनी घराच्या दारालाही तोच कायदा लावला. दुपारी माझ्या सासूबाई घरी एकट्या असायच्या. त्यांच्यासाठी दादांनी दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात कागद चिकटवला. दहा : घरचे. घ्या. वीस : हेल्मेट घातलेला कोणीही. घेऊ नका. तीस : जवाईबापू. घ्या, चहा द्या. आणि सगळ्यात शेवटी : बाकी सगळे. उद्या या. मी बिचारा मे महिन्याच्या भर दुपारी नालवाडीहून गाडी हाणत, दोन टरबुजं लटकवून आंजीला पोचलो. सासूबाईंनी खिडकीतून बघितलं. मग बोट लावून, मोठ्याने, कागद वाचला. वीसवर बोट थांबलं. मी घाईघाईने हेल्मेट काढलं, तोंड दाखवलं, टरबुजं दाखवली.

"आता काढलं," त्या म्हणाल्या. "पन आलते त घालूनच ना?"

जावई! आमच्याकडे जावई आला तर पायावर पाणी घालतात हो! आणि मी एक तास कडुनिंबाखाली टरबुजांसह उभा. दादा आले तेव्हा मी बोलू नये ते सगळं बोललो. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कागदासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आईनं बरोबर केलं. लागू झालं तिथं थांबली. चूक माह्या यादीत हाय." मग खिशातलं पेन काढून दहा आणि वीसच्या मधल्या जागेत लिहिलं : पंधरा : जवाईबापू, हेल्मेट असो का नसो. घ्या. "पाहा," ते मला म्हणाले, "जागा व्हती म्हनून बसले तुमी. नाई त सारा कागद नवा लिहा लागला असता." माझा अपमान भरून निघाला की नाही याची चौकशी नाही, कागद नवा लिहावा लागला नाही याचं समाधान. तो कागद अजून आहे. मी अजून हेल्मेट कोपऱ्यावरच काढतो.

दादांचा स्वतःचा राग मात्र यंत्रावर होता. कारण यंत्र आपले नंबर आपणच घालतं, आणि घालतं ते एक, दोन, तीन, मध्ये जागा न सोडता. शिवाय मधली एक ओळ खोडली की खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकतात. "रांगेतला चौथा उठून गेला का पाचवा चौथा होते," दादा तुच्छतेने म्हणायचे. "कोन गेलं त्याचा पत्ताच नाई लागत. हे काय नंबर झाले? याले मी नंबर नाई म्हनत." म्हणून वहीत त्यांचे दहा-वीस शाईने आणि यंत्राचे नंबर शेजारी पेन्सिलने, कारण ते बदलत राहतात. आणि म्हणूनच त्यांचा एक मंत्र होता : खोडायचं ते खालून वर. एक ओळ खोडली की यादी नव्याने बघायची, मगच दुसरी. ही गोष्ट ते इतक्या निष्ठेने पाळत की तारेवरचे वाळलेले कपडेसुद्धा शेवटच्या टोकाकडून काढायचे. मी हसायचो. आता मला हसू येत नाही.

कारण तो दिवस आला. सासूबाईंचा गिरडच्या टेकडीवर जायचा जुना नवस होता आणि दादांनी नोकरीत पहिल्यांदा सुट्टी घेतली. त्या दिवशी दुपारी बारा वाजता दोन तात्पुरत्या ओळी खोडायच्या होत्या. यंत्राच्या यादीत चौथी ओळ होती ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर शिकवायला आलेल्या बाहेरगावच्या माणसांची, आणि सातवी होती तपासणी समितीची. दोघांची मुदत बारापर्यंत. आदल्या दिवशीच खोडून मोकळं व्हायचं, तर नाही! "वेळेच्या आधी दार लावनं म्हंजे पाहुन्याचा अपमान हाय." म्हणजे टरबूज घेऊन आलेल्या जावयाचा होत नाही, समितीचा होतो. तर ते काम माझ्यावर आलं. आठवडाभर मला शिकवणी. निघायच्या सकाळी फोन : "आधी सात, मंग चार. खालून. अन् एक काढली का यादी पुन्हा पाहाजा." वाटेत समुद्रपूरहून फोन : "खालून काढजा, जवाईबापू." टेकडी चढण्याआधी पुन्हा फोन : "खालून."

मी एम.ए. आहे. ग्रंथालयशास्त्राची वेगळी पदवी आहे. साठ हजार पुस्तकं मी नंबरावर लावली आहेत. आणि हा माणूस मला तिसऱ्यांदा सांगतो, खालून! बाराला मी त्या थंड खोलीत यंत्रासमोर बसलो तेव्हा माझ्या डोक्यात बावीस वर्षांचं सगळं एकदम उसळलं, टँकर, कडुनिंब, हात लावू देऊ नका. आणि निव्वळ खुन्नस म्हणून, मी वरून खोडलं. आधी चार. मग, यादी पुन्हा न बघता, सात. दोन मिनिटांत काम झालं. मी डबा उघडला.

चार खोडल्याबरोबर सातवी ओळ सहावी झाली होती आणि आठवी येऊन सातच्या जागी बसली होती. ती आठवी ओळ म्हणजे मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म. समितीचं दार उघडं राहिलं आणि घरची पोरं बाहेर. त्या दिवशी फॉर्मचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचपर्यंत.

साडेबाराला पहिला फोन आला, एकपर्यंत ग्रंथालयाच्या व्हरांड्यात शंभर पोरं-पोरी. सेलूच्या, देवळीच्या, खेड्यापाड्यांतून मिळेल त्या गाडीने आलेल्या. "सर, फॉर्म उघडूनच नाई राह्यला," एवढं एकच वाक्य शंभर तोंडांतून. एक मुलगी भिंतीला टेकून गप्प रडत होती. या शिष्यवृत्तीशिवाय घरचे पुढे शिकू देणार नाहीत, असं तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं. मी यादी उघडून बसलो. यादी एक, दोन, तीन, अगदी सलग. काही हरवलंय अशी कुठे खूणच नव्हती. दादांची वही शेजारी होती, तिच्यावरून काय गेलं ते शेवटी मला कळलं. पण मला खोडायला शिकवलं होतं, लिहायला नाही. हात लावू देऊ नका! प्राचार्य येऊन डोक्याशी उभे राहिले. टेकडीवर दादांचा फोन लागत नव्हता. तो लागला दीड वाजता. मी बोललो, ते ऐकत राहिले, मग एवढंच म्हणाले, "वरून काढले काय?" मी हो म्हटलं. "येतो."

सव्वातीनला त्यांची मोटरसायकल आली. मागे सासूबाई, मांडीवर प्रसादाची पिशवी. आईला कुठे ठेवायला वेळ नव्हता म्हणून दादांनी तिला तशीच सर्व्हरच्या खोलीत आणून बसवलं. ती आमच्या कॉलेजातली एकच थंड खोली. सासूबाई खुर्चीत टेकल्या, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जवाईबापू, तुमी इतक्या गारव्यात काऊन घामाघूम झाले?" जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. दादांनी एक ओळ लिहिली, समितीची खोडली, यादी दोनदा वाचली आणि बाहेर जाऊन पोरांना म्हणाले, "भरा रे. घाई नोका करू, सगळ्याईचे होते." पाचला सात मिनिटं असताना शेवटचा फॉर्म गेला. एकही पोर राहिलं नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बैठक घेतली. दादांच्या कंत्राटाची मुदत त्याच महिन्यात संपत होती, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही होतं. चूक माझी निघती तर मला फार तर एक खरमरीत पत्र मिळतं, ते मी फाईलला लावून विसरलो असतो. प्राचार्यांनी विचारलं, "हे कसं झालं?" मी घसा साफ केला. नुसता साफच केला. तेवढ्यात दादा उठून म्हणाले, "नंबर मीनं चुकीचे सांगतले, सर. यायनं मी सांगतलं तसं केलं."

चुकीचे! या माणसाने! ज्याने उभ्या आयुष्यात कुणाला फोन नंबर सांगताना एक आकडा इकडचा तिकडे केला नाही! मी बसल्या जागी पेटलो. आणि गप्प बसलो. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडलो, हो, मीच ओरडलो, "तुम्हाला खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं?" ते चपला घालत म्हणाले, "यादी माही. दारावर कोनाले बसवाचं, ते बी मीनंच ठरवलं. चूक माह्याच यादीत हाय." जणू पुन्हा ते हेल्मेटच होतं आणि मी सासूबाई.

महिनाअखेर सही झाली नाही. नागपूरच्या एका कंपनीला काम गेलं. दादांनी त्यांच्या माणसासमोर लाल वही ठेवली तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या काका, सगळं मशीनमध्ये आहे." वही टेबलावर तशीच पडून राहिली. रद्दीत जाईल म्हणून मी उचलली आणि घरी नेली. त्या दिवसाची नोंद शोधली. नंबर बाराशे चाळीस, काळ्या शाईत, त्या ठाशीव अक्षरात : "नंबर सांगताना चूक. चूक माझी." खाली सही. त्या वहीतलं तेवढं एकच वाक्य खोटं आहे, आणि ते माझ्यासाठी लिहिलेलं आहे. मला इतका संताप आला की मी वही आपटली. माझी लाज झाकायला या माणसाने आपल्या वहीचं सत्य विटाळलं, तेही मला न विचारता! बायकोने वाचलं. या वेळी ती दादा बरोबर आहेत असं म्हणाली नाही. मला ताट वाढून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "आता करार झाला हो त्यांच्याशी. तुम्ही तेव्हा बोलायचं होतं." राग यायला हवा होता, पण त्यात चुकीचं काय होतं? संध्याकाळी मी वही उघडली. बाराशे चाळीस आणि बाराशे पन्नासच्या मध्ये जागा होती. असणारच. बावीस वर्षं मी ज्या जागेवर चिडलो तिथे मी शाईने लिहिलं : "बाराशे पंचेचाळीस. नंबर बरोबर सांगितले होते. वरून खोडले. चूक माझी." खाली माझी सही.

रविवारी आंजीला गेलो. दादा अंगणापलीकडे लिंबाची रोपं लावत होते. प्रत्येकाला पत्र्याची चकती, दहा, वीस, तीस. मी वही पुढे केली. त्यांनी हात पुसले, बाजेवर बसले, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझी ओळ दोनदा वाचली. मी वाट बघत होतो की आता काहीतरी म्हणतील, रागावतील, मोठ्या मनाने माफ तरी करतील.

"तारीख टाकली नाई तुमी," ते म्हणाले.

मी पेन काढलं आणि ओळी खोडल्या त्या दिवसाची तारीख टाकायला लागलो. त्यांनी माझा हात धरला.

"ते नाई. आजची टाका."

मी आजची टाकली. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही मांडीवर उघडी धरली, मग मिटून बाजूला ठेवली. सासूबाईंनी चहा आणला. नेहमीप्रमाणे बाजेवर आमच्या दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. मी कप उचलला आणि सरकून त्या जागेत बसलो. मध्ये कुणी आलं तर, असं दादा म्हणाले नाहीत. आम्ही तसेच चहा पीत बसलो.